गाणारी नळी आणि आटणारं हेलियम

मागच्या वेळी आपण लायडनपर्यंत आलो होतो. १० जुलै १९०८ रोजी कामरलिंग ओनेस यांनी तिथे हेलियम द्रवरूप केलं. आज त्याच गावातली पुढची गोष्ट बघू.

१९४९ साली टॅकोनिस आणि त्यांचे सहकारी द्रव हेलियमवर काम करत होते. त्यांनी एक विचित्र प्रकार नोंदवला. बारीक नळीचं उघडं टोक हेलियमच्या भांड्यात आणि बंद टोक वर, खोलीच्या तापमानाला असलं, की नळीतला वायू आपोआप थरथरू लागतो. ही टॅकोनिस आंदोलनं.

तसं हे अगदीच नवं नव्हतं. काचेचा फुगा फुंकताना नळी गाते, हे काचकामगारांना माहीत होतंच. झोंडहाउस यांनी १८५० मध्ये त्याचा अभ्यास केला. कारण सांगितलं लॉर्ड रॅले यांनी, १८७८ मध्ये. वायू दाबला जात असताना त्याला उष्णता मिळाली आणि विरळ होताना ती निघून गेली, तर कंप वाढत जातो. झोपाळ्याला नेमक्या वेळी झोका द्यावा, तसंच हे. पुढे १९६९ पासून झुरिकच्या निकोलाउस रॉट यांनी याचं पक्कं गणित मांडलं.

आता तुम्ही म्हणाल, नळी गायली तर बिघडलं काय? बिघडतं ते असं: हलणारा वायू प्रत्येक फेरीत वरची उष्णता खाली नेतो. नुसत्या नळीच्या धातूतून झिरपते त्यापेक्षा ही उष्णता कितीतरी पट जास्त असू शकते. प्रयोगशाळेत हेलियम पुन्हा भरता येतं. अवकाशात कोण भरणार? १९८३ ची आयरास दुर्बीण हेलियम संपताच दहा महिन्यांत थांबली. स्पिट्झरने ३६० लिटरवर साडेपाच वर्षांहून जास्त काढली. अशा यानात प्रत्येक नळी म्हणजे उष्णतेची संभाव्य वाट. म्हणून तिची लांबी, जाडी, कुठला भाग किती थंड, हे सगळं आधीच तपासावं लागतं.

गंमत म्हणजे हेच नातं उलटंही वापरता येतं. ध्वनीने उष्णता ओढून थंडावा करणारं यंत्र जानेवारी १९९२ मध्ये डिस्कव्हरी यानातून अवकाशात गेलं. जेम्स वेब दुर्बिणीच्या मिरी उपकरणाला ७ केल्विनच्या खाली नेणाऱ्या शीतकात पहिला टप्पा पल्स ट्यूबचा आहे. तिथेही वायूची आंदोलनंच उष्णता बाहेर काढतात.

म्हणजे आंदोलन तेच. ते आपण ठरवून घडवलं तर थंडी मिळते, नकळत घडलं तर मोहिमेचं आयुष्य घटतं. हे पल्स ट्यूब यंत्र आलं कुठून, ते पुढच्या वेळी पाहू.