ताम्रपटांत न लिहिलेलें नांव

नगर जिल्ह्यांतील (हा जिल्हा २०२४ पासून अहिल्यानगर झाला) संगमनेरच्या नांवानें एक ताम्रपट प्रसिद्ध आहे. तो यादव राजा दुसरा भिल्लम याचा, शके ९२२ चा, म्हणजे इसवी सन १००० मधला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉ. फ्रांझ कीलहॉर्न यांनीं तो ‘एपिग्राफिआ इंडिका’च्या दुसऱ्या खंडांत संपादिला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत १८६६ ते १८८१ पर्यंत संस्कृत शिकविलेले हे जर्मन वैयाकरण तेव्हां गटिंगेन येथें प्राध्यापक होते.

ताम्रपट दानाचा खरा. पण काय दिलें एवढेंच सांगून मोकळें होणें त्या काळच्या कवींना कधींच रुचलें नाहीं! आधीं राजाची स्तुति हवी. तींत एक श्लोक असा : लक्ष्मी मुंजाच्या पक्षाला मिळाली, म्हणून भिल्लमानें तिला रणांगणावर शासन केलें आणि रणरंगभीमाच्या घरीं गृहिणी होऊन नांदावयास लाविलें.

हा रणरंगभीम कोण? माळव्याच्या मुंजाला बंदिवान करणारा चालुक्य तैलप इतर साधनांतून ठाऊक होता. त्याचें बिरुद ‘आहवमल्ल’, म्हणजे युद्धांतील मल्ल. ‘रणरंगभीम’ म्हणजे रणभूमीवरील भयंकर पुरुष. अर्थ एकाच जातीचा. कवीनें तैलपाचें नांव घेतलें नाहीं, तरी तें वाचतां आलें आणि यादव राजा चालुक्यांच्या बाजूनें लढल्याचें ठरलें. हेमाद्रीची यादववंशावळ यानंतर सुमारें अडीचशें वर्षांनीं रचलेली. ताम्रपट भिल्लमाच्या हयातींतला.

असा तर्क दोन साधनें जुळलीं तरच करावा. याच जिल्ह्यांत नेवाशास जो खांब आहे, त्याला टेकून ज्ञानेश्वरांनीं गीतेवरील टीका सांगितली अशी परंपरा आहे. खांबावर संस्कृत लेख आहे. तो वाचूं गेल्यास त्यांत करवीरेश्वराला नमन आणि अखंड दिव्याच्या तेलाची तरतूद एवढेंच सांपडतें. ज्ञानेश्वरांचें नांवहि नाहीं. भाविकाला हें कठोर वाटेल. परंतु परंपरा खोटी असेंहि तो दगड म्हणत नाहीं. गोदावरीच्या दक्षिणतीरावरील महालयेच्या क्षेत्राचा निर्देश व शके १२१२ हें साल ज्ञानेश्वरीच्याच अखेरीस येतें. तेथील साक्ष तेथूनच घ्यावी, तेलाच्या हिशेबांतून ती काढूं नये.