निकोटीन : एका वकिलाचे नाव

पेण-रोह्याकडे मशेरी लावणाऱ्या बायकांना निकोटीन ही सिगारेट ओढणाऱ्यांची बाब वाटते. आपण तर फक्त दात घासतो! तव्यावर तंबाखू भाजून केलेली ती काळी भुकटी आमच्या घरांतही आहे. तंबाखू घरची आणि निकोटीन दवाखान्यातले, अशी ही वाटणी झाली आहे. वास्तविक दोन्ही शब्द एकाच पानाचे.

ज्याँ निको हा फ्रान्सच्या राजाचा वकील १५५९ ते १५६१ या काळात लिस्बनला होता. तेथून १५६० मध्ये त्याने तंबाखू औषधी वनस्पती म्हणून राजमाता कातरिन हिच्याकडे पाठवली. निको शब्दकोशकारही होता. त्याचा फ्रेंच कोश १६०६ साली छापला गेला, त्यातही ही वनस्पती त्याच्याच नावाने आहे! १७५३ मध्ये लिनियसने तिच्या प्रजातीला 'निकोटियाना' हे नाव कायमचे दिले.

'तंबाखू' आली पोर्तुगिजांकडून. स्पॅनिश दर्यावर्दींनी तो शब्द कॅरिबियन बेटांवर उचलला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. काहींना त्यात एका औषधी झुडपाचा जुना अरबी शब्द 'तुब्बाक' दिसतो. तो खरा ठरला तरी आपण मिरवावे असे त्यात काही नाही. रोह्याची कुंडलिका रेवदंडा आणि कोर्लई यांच्यामधून समुद्राला मिळते. रेवदंड्याचा कोट १७४० पर्यंत पोर्तुगिजांकडे होता आणि कोर्लईत त्यांच्या वळणाची बोली अजून ऐकू येते. बटाटा, काजू, अननस हे शब्दही त्यांचेच.

अकबराचा वकील असद बेग विजापूरहून परतला, तेव्हा त्याने बादशहापुढे तंबाखू आणि जडावाची चिलीम ठेवली. ही मक्का-मदिनेत माहीत असलेली वस्तू आहे, औषध म्हणून आणली आहे, अशी शिफारस दरबारात झाली. पवित्र शहरांचे नाव घेतले की माल खपतो, हे तेव्हाही ठाऊक होते. शाही हकीम मात्र अडून बसला. आपल्या वैद्यकग्रंथांत हिचा उल्लेख नाही, फिरंग्यांचे पाहून न पारखता ही कशी द्यावी, असा त्याचा सवाल होता. असद बेगने युरोपियनांच्या शहाणपणाची बाजू मांडली. बादशहाने दोन-चार झुरके घेतले, पुढे सवय लावून घेतली नाही. अमीर-उमरावांनी मात्र ती उचलली. १६१७ मध्ये जहांगीरने मनाई केली, ती टिकली नाही.

हकिमाला हवी होती ती पारख १८२८ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्गला पुढे सरकली. पोसेल्ट आणि राइमान यांनी पानातले द्रव्य वेगळे काढले. ते विष निघाले. औषध म्हणून पान पाठवणाऱ्या वकिलाचे नाव त्या विषाला मिळाले. मशेरीत तेच असते, आणि हिरड्यांवाटे ते रक्तात उतरते.