अनाहूत स्मृतींचा अभ्यास

अनाहूत स्मृती म्हणजे एखाद्या क्लेशदायक प्रसंगाची, आठवण्याचा कोणताही प्रयत्न न करता मनात अवचित उमटणारी आठवण होय. अपघात, नैसर्गिक आपत्ती, हिंसाचार किंवा जवळच्या व्यक्तीचा डोळ्यांदेखत झालेला मृत्यू अशा अनुभवांनंतर ती आढळते. ती बहुधा शब्दांच्या रूपात नसते. एखादे दृश्य, आवाज, वास किंवा अंगावरचा स्पर्श पुन्हा जसाच्या तसा जाणवतो. प्रसंगानंतरच्या पहिल्या काही दिवसांत अशा आठवणी येणे हे आजाराचे लक्षण मानले जात नाही. बहुसंख्य लोकांत त्या आपोआप विरळ होतात. महिनाभरानंतरही त्या तीव्रतेने येत राहिल्या, त्यांच्यासोबत टाळाटाळ, दचकणे, निद्रानाश ही लक्षणे असली आणि दैनंदिन व्यवहार बिघडला, तर आघातोत्तर तणाव विकाराचा विचार केला जातो. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९८० साली आपल्या निदानसूचीच्या तिसऱ्या आवृत्तीत या विकाराचा प्रथम समावेश केला.

महाराष्ट्रात या विषयाचा अभ्यास प्रामुख्याने १९९३ च्या मराठवाड्यातील भूकंपानंतर झाला.

प्रयोगशाळेतील पद्धती

जी गोष्ट बोलावल्याने येत नाही, तिचा अभ्यास कसा करावा हा या क्षेत्रातला मूळ प्रश्न आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लाझारस यांनी १९६० च्या दशकात ताण निर्माण करणारे लघुपट दाखवून प्रेक्षकांच्या शारीरिक प्रतिक्रिया मोजल्या. मार्डी होरोविट्झ यांनी पुढच्या दशकात तीच युक्ती वापरून लघुपटानंतर मनात घुसणाऱ्या विचारांची व प्रतिमांची नोंद घेतली. आजही ही पद्धत प्रचलित आहे. स्वेच्छेने सहभागी झालेल्या निरोगी व्यक्तींना अपघातासारखी दृश्ये दाखवितात आणि पुढील आठवडाभर एक रोजनिशी जवळ ठेवण्यास सांगतात. दृश्य अकस्मात आठवले की त्याच वेळी त्यात खूण करायची व काय दिसले ते थोडक्यात लिहायचे. पडद्यावरचा अपघात आणि स्वतःवर ओढवलेला अपघात यांत फार मोठे अंतर आहे, ही या पद्धतीची उघड मर्यादा होय. मात्र प्रसंग कोणता, तो केव्हा घडला आणि नंतर किती वेळा आठवला हे सर्व संशोधकाला ठाऊक असते. प्रत्यक्ष आपत्तीत अशी सोय नसते.

होरोविट्झ, विलनर व आल्वारेझ यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रसंग-परिणाम मापिकेत १५ विधाने असून त्यांपैकी ७ अनाहूत आठवणींविषयी व ८ टाळण्याविषयी आहेत. गेल्या सात दिवसांत हे किती वेळा घडले, एवढेच उत्तर द्यायचे असते.

अशा आठवणींत नेमके कोणते क्षण येतात, यावर आंके एलर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेले मत महत्त्वाचे आहे. त्यांच्या मते अत्यंत भयंकर क्षणापेक्षा त्याच्या लगेच आधी जाणवलेल्या गोष्टी अधिक वेळा परत येतात. मनाच्या लेखी त्या धोक्याच्या सूचना ठरलेल्या असतात.

मराठवाडा भूकंप

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणेश विसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपले होते. किल्लारी व सास्तूर परिसरातील घरांच्या भिंती मातीत रचलेल्या दगडांच्या आणि वरची माळवदे मातीने जड झालेली होती. झोपेतच माणसे गाडली गेली. सुमारे आठ हजार मृत्यू झाले आणि पुढे ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन करण्यात आले.

प्रताप शरण, शेखर सक्सेना व सहकाऱ्यांनी या भूकंपातून वाचलेल्या ४२ व्यक्तींची तपासणी करून त्याचा प्राथमिक अहवाल १९९६ मध्ये अमेरिकेतील मानसोपचारविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांपैकी ५९ टक्के व्यक्तींत मानसिक विकाराचे निदान झाले. आघातोत्तर तणाव विकार आणि तीव्र नैराश्य हे त्यांत प्रमुख होते. स्त्रियांत तसेच उपजीविकेची साधने नष्ट झालेल्यांत विकाराचे प्रमाण अधिक आढळले. ४२ ही संख्या लहान आहे, त्यामुळे हा टक्का साऱ्या भूकंपग्रस्तांना लावणे योग्य होणार नाही. तरीही बैल, अवजारे, दुकान यांचा नाश हा मनाच्या आजाराशी जोडलेला दिसावा, ही नोंद मोलाची आहे. एरवी मदतीच्या हिशेबात या गोष्टी केवळ नुकसानभरपाईच्या रकान्यात जातात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने याच भूकंपाच्या आरोग्यविषयक, विशेषतः मानसिक परिणामांच्या अभ्यासाचे केंद्र पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेत चालविले. या संस्थेचे संचालकपद डॉ. मोहन आगाशे यांनी भूषविले होते. ‘घाशीराम कोतवाल’ नाटकातील नाना फडणवीस म्हणून मराठी प्रेक्षकांना परिचित असलेले तेच हे आगाशे. त्याआधी १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतरही परिषदेने मानसिक आरोग्याचा अभ्यास हाती घेतला होता.

किल्लारीच्या बाबतीत एक अडचण पाश्चात्त्य व्याख्यांत सहज बसत नाही. आघातोत्तर तणाव विकाराच्या कल्पनेत धोका टळलेला आहे, तरी मन तो विसरत नाही, असे गृहीत धरलेले असते. किल्लारी परिसरात १९९२ च्या ऑक्टोबरपासूनच लहान धक्के जाणवत होते, जमिनीखालून आवाज येत होते. मोठ्या भूकंपानंतरही धक्के थांबले नाहीत. जमिनीतला गडगडाट ऐकून दगडी भिंतीखालून उठून बाहेर धावणारा माणूस भूतकाळात अडकला आहे की शहाणपणाने वागतो आहे, हे प्रश्नावलीतील खुणेवरून ठरविता येत नाही. एलर्स यांच्या मतानुसार जी धोक्याची सूचना मनात रुतून बसते, ती येथे खरोखरच पुन्हा ऐकू येत होती.

प्रश्न विचारण्याची भाषा

मापिकांचे मराठी रूपांतर वाटते तितके सरळ नाही. मराठीत आठवण माणसाला ‘येते’. गेलेल्या आईची आठवण येते, माहेरची येते, आणि भिंत कोसळतानाची तीही येते, क्रियापद एकच. हेतुपुरस्सर स्मरणासाठी ‘आठवण काढणे’ हा वेगळा प्रयोग आहे. त्यामुळे ‘त्या रात्रीची आठवण येते का?’ या प्रश्नाला बहुतेक सर्वच भूकंपग्रस्त होकार देतील आणि त्या होकारातून काहीही हाती लागणार नाही. ‘नको असताना’, ‘मध्येच’, ‘आताच घडते आहे असे वाटून’ हे शब्द प्रश्नात स्पष्टपणे यावे लागतात. बोलीत ‘डोळ्यांसमोरून हलत नाही’, ‘कानात घुमते’, ‘अंगावर काटा येतो’ अशी वर्णने सहज मिळतात आणि ती या अनुभवाच्या अधिक जवळ जातात.

शोक आणि अनाहूत स्मृती यांतील फरकही येथेच लक्षात घ्यावा लागतो. मृत मुलाची आठवण आईला वेदना देते, पण ती तिला हवी असते. तिला लक्षण म्हणून मोजणे ही शास्त्रीय चूक तर आहेच, शिवाय त्या आईवर अन्यायही आहे.

नैतिक बाजू

विचारल्याने जखम उघडी पडते का, ही शंका रास्त आहे. अनेक देशांतील अभ्यासांत असे दिसते की मुलाखतीच्या वेळी काहींना त्रास होतो, पण बहुतेकांत तो तात्पुरता असतो. याचा अर्थ कोणालाही, केव्हाही विचारावे असा नाही. आपत्तीनंतर लगेच सर्वांकडून सक्तीने सगळा प्रसंग वदवून घेण्याची एके काळी रूढ असलेली पद्धत उपयोगी ठरली नाही आणि जागतिक आरोग्य संघटना तिची शिफारस करीत नाही. त्याऐवजी २०११ च्या मानसिक प्रथमोपचार पुस्तिकेत सुरक्षितता, तातडीच्या गरजा आणि माणूस स्वतःहून बोलेल तेवढे ऐकणे यांवर भर आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आपत्तीकाळातील संशोधनासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. मदत आणि संशोधन यांची गल्लत होऊ न देणे हा त्यातील कळीचा मुद्दा होय. धान्य वाटणाऱ्या हातानेच संमतीपत्र पुढे केले, तर नकार देण्याचे स्वातंत्र्य नावापुरतेच उरते.

उपचाराच्या दिशेने

आठवण पक्की होण्याच्या काळात दृश्य-अवकाशीय काम दिल्यास ती कमी वेळा परत येईल, या कल्पनेवर एमिली होम्स व सहकाऱ्यांनी २००९ पासून प्रयोग केले. त्यासाठी पडणारे ठोकळे जुळविण्याचा टेट्रिस हा संगणकीय खेळ निवडला गेला. लघुपट पाहून अर्ध्या तासाने दहा मिनिटे तो खेळलेल्यांना आठवडाभरात कमी अनाहूत आठवणी आल्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ऑक्सफर्डच्या आपत्कालीन विभागात आलेल्या ७१ वाहन-अपघातग्रस्तांचा समावेश होता. अपघातानंतर सहा तासांच्या आत, प्रसंगाचे थोडक्यात स्मरण करून देऊन हा खेळ दिलेल्या गटात पहिल्या आठवड्यातील अनाहूत आठवणी दुसऱ्या गटापेक्षा ६२ टक्क्यांनी कमी होत्या. हा संकल्पनेच्या पडताळणीपुरता प्रयोग होता. त्याने पुढील विकार टळतो असे त्यावरून म्हणता येत नाही. शिवाय ज्या पहाटे किल्लारीत माणसे हातांनी ढिगारे उपसत होती, तेथे पहिल्या सहा तासांचा हा उपाय कोणाच्याही उपयोगाचा नव्हता. त्यामुळे आठवण जुनी झाल्यानंतर तिच्यावर काय करता येईल, याकडे अलीकडच्या संशोधनाचा रोख वळला आहे.