फोनने रस्ता कसा मोजायचा? गाड्यांचा वेग, फुटपाथ आणि स्पीडब्रेकर

आमच्या सोसायटीसमोरच्या रस्त्यावर दोन वर्षांपूर्वी एक स्पीडब्रेकर झाला. तो कुठल्या सरकारी खात्याने केला नव्हता, आम्हीच केला होता. बाइकवाले सुसाट येतात, शाळेची मुलं तिथूनच रस्ता ओलांडतात आणि तक्रारी करून काही होत नाही, म्हणून व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोल झाला. सव्वीस जणांनी ‘हो’ म्हटलं. त्यातला एक मी. शेजारच्या बांधकामावरून सिमेंट-खडी आणली आणि रविवारी रात्री काम उरकलं. तिसऱ्या दिवशी पहाटे माझे बाबा सायकलवरून दूध आणायला निघाले आणि त्याच उंचवट्यावर पडले. तिथे काहीतरी केलंय हे त्यांना माहीत होतं, पण अंधारात नेमकं कुठे ते दिसलं नाही. पांढरे पट्टे नव्हते, रिफ्लेक्टर नव्हता. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर.

नंतर मी टेप घेऊन तो मोजला. उंची १४ सेंटिमीटर, रुंदी जेमतेम ४५ सेंटिमीटर. आपल्याकडे रस्त्यांची मानकं इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था ठरवते. तिच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये गोल पाठीच्या स्पीडब्रेकरची उंची १० सेंटिमीटर आणि गाडी जाते त्या दिशेने रुंदी ३.७ मीटर दिली आहे. ताशी २५ किमीने जाणारी गाडी त्यावरून आरामात जाते, त्याहून वेगात आली तर दणका बसतो. आम्ही बांधला होता तो स्पीडब्रेकर नव्हता, शेताचा बांध होता.

मग मी वॉर्ड ऑफिसला गेलो. तिथल्या कनिष्ठ अभियंत्यांनी शांतपणे विचारलं, “तिथं गाड्यांचा स्पीड किती असतो?” मी म्हटलं, “खूप असतो साहेब.” ते म्हणाले, “खूप म्हणजे किती? मोजलाय का तुम्ही?” दिवसभर लॅपटॉपवर आकडे बघणारा मी, आणि माझ्याकडे एकही आकडा नव्हता. राग आला होता, पण प्रश्न बरोबर होता. तेव्हापासून जे शिकलो ते इथे एकत्र लिहितोय. यातल्या बहुतेक गोष्टींसाठी खिशातला फोन पुरतो.

आधी वेगच का मोजायचा?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोक गेले. त्यातले ३२,८२५ पायी चालणारे होते, म्हणजे जवळपास दर पाचातला एक. पायी चालणारा किंवा सायकलवाला वाचतो की नाही हे मुख्यतः गाडीच्या वेगावर ठरतं, कारण त्याच्याभोवती ना पत्रा असतो ना एअरबॅग.

एक साधा हिशोब करून बघा. मूल अचानक रस्त्यात आलं आणि चालकाला ब्रेक दाबायला एक सेकंद लागला असं धरा. ताशी ३० किमीने येणारी गाडी त्या सेकंदात ८.३ मीटर जाते, आणि चांगले ब्रेक व कोरडा डांबरी रस्ता असेल तर आणखी साधारण ५ मीटरवर थांबते. एकूण १३ मीटरच्या आसपास. ताशी ५० किमीने येणारी गाडी त्या पहिल्या सेकंदातच १३.९ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे ३० ची गाडी जिथे उभी राहिली, तिथून ५० ची गाडी अजून ब्रेकही न लागता पूर्ण वेगात जात असते. हा फरक मला कॉलेजमध्ये फिजिक्स शिकूनही कधी असा जाणवला नव्हता. माणसं आणि गाड्या जिथे एकत्र वावरतात तिथे ताशी ३० किमीची मर्यादा असावी, असं २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटलं आहे ते याच कारणाने.

व्हिडिओवरून वेग काढणं

तत्त्व अगदी सोपं आहे. माहीत असलेलं अंतर कापायला गाडीला किती वेळ लागला ते बघायचं. मीटरमधल्या अंतराला सेकंदांनी भागा आणि ३.६ ने गुणा, वेग ताशी किलोमीटरमध्ये येतो. २० मीटरला १.४ सेकंद लागले तर ताशी ५१ किमी.

अडचणी सगळ्या बारीक गोष्टींत आहेत. मी पहिल्यांदा समोरच्या बाजूचे दोन विजेचे खांब धरले आणि फुटपाथवर उभं राहून शूट केलं. उत्तर आलं ताशी ७८ किमी. रिक्षाचा! झालं असं की कॅमेरा जवळ, खांब लांब आणि रिक्षा मधून गेली. त्यामुळे कॅमेऱ्याला ती एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत गेलेली दिसली तरी प्रत्यक्षात तिने तेवढं अंतर कापलंच नव्हतं. उपाय असा की खुणा रस्त्याच्या दोन्ही कडांना, समोरासमोर करायच्या. खडूची जाड रेघ पुरते. मग गच्चीवरून किंवा तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून फोन स्टँडवर लावून शूट करायचं. गाडीचं पुढचं चाक समोरासमोरच्या खुणांना जोडणारी रेष ओलांडतं ती फ्रेम पकडायची, पुढच्या जोडीलाही तेच. अंतर टेपनेच मोजा, पावलांनी नको. खुणा करायला जाल तेव्हा रहदारी नसताना जा आणि सोबत एक जण लक्ष ठेवायला घ्या.

दुसरी गोम फ्रेम रेटची. फोनवर ३० फ्रेम लिहिलेलं असलं तरी बरेच फोन उजेड कमी झाला की गुपचूप २४ वर येतात. तुम्ही ३० धरून भागलंत तर सगळे आकडे चुकतात. म्हणून भर उजेडात शूट करा. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ‘ऑटो एफपीएस’ बंद करता येतं. अँड्रॉइडवर आधी दुसऱ्या फोनच्या स्टॉपवॉचचा दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या आणि फ्रेम मोजा, ३०० च्या आसपास भरल्या पाहिजेत. ज्यांना कमांड लाइन येते त्यांनी एफएफप्रोबने प्रत्येक फ्रेमची खरी वेळच काढावी, मी तेच करतो. स्लो मोशन मात्र टाळा. त्यात वेळ ताणलेली असते आणि हिशोबात हमखास घोळ होतो.

३० फ्रेमच्या व्हिडिओत दोन्ही टोकांना एकेक फ्रेम चुकली तर १.४ सेकंदांचे १.३३ किंवा १.४७ होतात, म्हणजे उत्तर ताशी ४९ ते ५४ किमीच्या मध्ये कुठेही असू शकतं. एका गाडीसाठी हे ढोबळ आहे, पण शंभर गाड्या मोजल्या की अशा चुका एकमेकींना बऱ्याच खाऊन टाकतात. खुणा ३० मीटरवर ठेवल्या तर आणखी बरं. चलान फाडायला हा आकडा चालणार नाही. रस्त्याची सवय काय आहे हे दाखवायला चालतो.

आता शंभर आकड्यांमधून सांगायचा कोणता? आपण पटकन सरासरी काढतो. वाहतूक अभियंते ‘८५ वं शतमान’ बघतात, म्हणजे १०० पैकी ८५ गाड्या ज्या वेगात किंवा त्याहून हळू जातात तो वेग. गूगल शीट्समध्ये पर्सेंटाइल फंक्शनला ०.८५ दिलं की झालं. आमच्या रस्त्याची सरासरी ३६ आली, ऐकायला सभ्य. ८५ वं शतमान आलं ४७. मी अर्जात दुसरा आकडा लिहिला आणि तो कसा काढला तेही दोन ओळींत लिहिलं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. ते व्हिडिओ रील म्हणून टाकू नका. त्यात नंबर प्लेट असतात, शेजाऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा असतात, मुलं असतात. आकडे शीटमध्ये उतरले की काही दिवसांनी मूळ व्हिडिओ उडवून टाका.

फुटपाथ, सिग्नल आणि नकाशा

फुटपाथचं मोजमाप सोपं आहे, कारण फक्त सर्वात अरुंद जागा मोजायची. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या सूचनांनुसार चालायला कमीत कमी १.८ मीटर मोकळी रुंदी आणि डोक्यावर २.२ मीटर मोकळी उंची हवी. यातला ‘मोकळी’ हा शब्द महत्त्वाचा. तीन मीटरच्या फुटपाथवर डीपी, झाड आणि चहाची गाडी असेल तर उरतो तो फुटपाथ. फोनमधली एआर मोजपट्टी अंदाजाला बरी आहे, पण अर्जात टेपचा आकडा लिहा. फोटोत टेप दिसू द्या.

सिग्नलसाठी स्टॉपवॉच पुरतं. चालण्याचा वेग सहसा सेकंदाला १.२ मीटर धरतात, म्हणजे १२ मीटर रुंद रस्त्याला १० सेकंद. पण सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या आजींना तोच रस्ता १५ सेकंदांचा होतो. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा किती सेकंद असतो ते तीन वेळा मोजा, मग बोला.

हे सगळं शीटमध्ये पडून राहू नये म्हणून ओपनस्ट्रीटमॅपवर टाकायचं. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेला हा नकाशा विकिपीडियासारखा कुणालाही बदलता येतो, आणि त्याची माहिती अनेक अॅप वापरतात. अँड्रॉइडवर स्ट्रीटकंप्लीट हे मोफत अॅप आहे. ते तुम्ही उभे असाल तिथले छोटे प्रश्न विचारतं: या रस्त्याला फुटपाथ आहे का, दिवे आहेत का, पृष्ठभाग कसला आहे. काय दिसतं तेवढंच सांगायचं. आयफोनवाल्यांसाठी एव्हरी डोअर आहे. आमच्या भागात मी सुरुवात केली तेव्हा नकाशावर एकही झेब्रा क्रॉसिंग नव्हतं. प्रत्यक्षातही दोनच होती, त्यामुळे काम लवकर संपलं.

तक्रार अशी लिहा की फिरवता येणार नाही

पहिला प्रश्न: रस्ता कोणाचा? शहरातला रस्ताही सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा राष्ट्रीय महामार्गाचा असू शकतो. चुकीच्या दारात टाकलेली तक्रार नियमाप्रमाणे बंद होते आणि आपण ‘काही होत नाही’ म्हणत बसतो. माझ्या आधीच्या तीन तक्रारींपैकी दोन अशाच गेल्या होत्या, चूक माझीच.

एका तक्रारीत एकच जागा, एकच मागणी. जागेसाठी अक्षांश-रेखांश द्या. दशांश चिन्हापुढे पाच आकडे म्हणजे साधारण एक मीटरची बारकाई, पण फोनचा जीपीएस मोकळ्या आकाशाखालीही पाचेक मीटर इकडेतिकडे दाखवतो, इमारतींमध्ये त्याहून जास्त. म्हणून सोबत जवळच्या विजेच्या खांबाचा नंबर लिहा. खांब हलत नाही. फोटो पाठवताना लक्षात ठेवा, व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो त्यातली जागा-वेळेची माहिती गमावतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते.

मागणी काय करायची हेही ठरवून जा. दरवेळी स्पीडब्रेकरच हवा असं नाही. शाळेसमोर उंच झेब्रा, म्हणजे फुटपाथच्या पातळीला आणलेलं क्रॉसिंग, जास्त उपयोगी पडतं, कारण गाडी हळू होते आणि चालणाऱ्याला खाली उतरावं लागत नाही. कोपऱ्यावरचं वळण जरा आवळलं तरी गाड्यांना वेग कमी करावाच लागतो. कोपऱ्याजवळचं पार्किंग हटवलं तर मूल आणि चालक एकमेकांना दिसतात, आणि त्याला रंगाचा डबा सोडून काही खर्च नाही. पुण्याचं पादचारी धोरण २०१६ चं आहे, सायकल आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला. जंगली महाराज रस्त्यावरचे रुंद फुटपाथ एकदा चालून बघा, मागायचं काय ते डोळ्यांना दिसतं.

उत्तर आलंच नाही तर माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, ऑनलाइनही करता येतो. ‘काम का झालं नाही’ असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. कागद मागा: अमुक रस्त्याच्या मंजूर आराखड्याची प्रत, अमुक तारखेच्या तक्रारीवरचा शेरा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८अ आलं आहे. रस्त्याच्या रचनेची मानकं न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोगा फुटपाथ हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं. अर्जात या दोन्हींचा एका ओळीत उल्लेख करा, निबंध नको.

आमचं काय झालं? आमचा बांध आम्हीच पैसे गोळा करून फोडला. ग्रुपवर त्यावरूनही भांडण झालं. समोरच्या बिल्डिंगमधले काका अजून म्हणतात, “असू द्यायचा होता, निदान बाइकवाले घाबरायचे.” पावसाळ्यानंतर तिथे नीट मापाचा स्पीडब्रेकर आला, पट्ट्यांसकट. मी पुन्हा गच्चीवर चढलो आणि ११० गाड्या मोजल्या. ८५ वं शतमान ३१. पट्टे सहा महिन्यांत पुसट झाले आहेत, त्याची तक्रार खांबाच्या नंबरासह गेल्या आठवड्यात टाकली. बाबांनी सायकल पुन्हा सुरू केली आहे, पण दुधाला ते अजूनही मागच्या गल्लीने जातात.