फुकुदा गावचे नऊ जण : कान्तो भूकंप, कोरियन स्थलांतरित आणि जपानमधले अस्पृश्य

६ सप्टेंबर १९२३ रोजी जपानच्या चिबा प्रांतातील फुकुदा या गावात नऊ माणसांना गावकऱ्यांनी ठार मारले. ती सर्व फिरून औषधे विकणाऱ्या कुटुंबांतली होती. मारलेल्यांत सहा, चार आणि दोन वर्षांची मुले होती. एक बाई गरोदर होती. मारणाऱ्यांच्या मते ही माणसे कोरियन होती. प्रत्यक्षात ती शेकडो किलोमीटरवरच्या कागावा प्रांतातून आलेली जपानी होती आणि जपानमध्ये ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अस्पृश्य मानले गेले, त्या बुराकू समाजातली होती.

जपान हा बौद्ध देश, म्हणून तिथे जातीसारखे काही नसणार, असा समज आपल्या तरुणांमध्ये आजही आढळतो. आंबेडकरी चळवळीच्या कार्यकर्त्याला ही घटना तपशिलाने माहीत असायला हवी, असे आम्हांला वाटते ते त्यासाठी. दुसरे कारण असे की आपत्तीनंतर परक्याचे काय होते, हे या घटनेत फार स्पष्ट दिसते.

आधी भूकंपाविषयी. १ सप्टेंबर १९२३ रोजी सकाळी ११ वाजून ५८ मिनिटांनी कान्तो प्रदेशाला, म्हणजे तोक्यो, योकोहामा आणि आसपासच्या भागाला, ७.९ तीव्रतेचा धक्का बसला. दुपारच्या जेवणाची वेळ. घराघरांत चुली पेटलेल्या, घरे लाकडाची आणि त्या दिवशी वारा जोराचा. भूकंपापेक्षा आगीने जास्त माणसे मारली. तोक्योतल्या होन्जो भागात लष्करी कपड्यांच्या जुन्या कारखान्याच्या मोकळ्या मैदानात आसरा घेतलेले सुमारे ३८ हजार लोक आगीच्या वावटळीत एकाच जागी जळून गेले. एकूण मृत आणि बेपत्ता सुमारे १ लाख ५ हजार.

त्याच संध्याकाळपासून अफवा उठल्या. कोरियन लोक आगी लावत आहेत, बाँब घेऊन फिरत आहेत, विहिरींत विष टाकत आहेत.

हे कोरियन कोण होते? जपानने १९१० मध्ये कोरिया गिळंकृत केला. जमिनीच्या सर्वेक्षणाच्या नावाखाली हजारो शेतकऱ्यांच्या हातून जमिनी गेल्या. पोटासाठी ते समुद्र ओलांडून जपानमध्ये आले. १९२३ साली जपानमध्ये सुमारे ८० हजार कोरियन होते. रस्ते, धरणे, कोळशाच्या खाणी आणि गिरण्यांत त्यांना कामे मिळत, जपानी मजुरापेक्षा कमी मजुरीवर. कागदोपत्री ते जपानी साम्राज्याचे प्रजाजन होते, वागणूक मात्र संशयिताची. १ मार्च १९१९ रोजी कोरियात स्वातंत्र्याचे मोठे आंदोलन झाले आणि ते जपानी सरकारने रक्तात बुडवले. तेव्हापासून जपानी वर्तमानपत्रांत ‘बंडखोर कोरियन’ हा शब्दप्रयोग रुळला होता. १९२३च्या अफवा उगवल्या त्या या जमिनीत. भूकंपाने माणसांना वेड लावले, असे म्हणून हा विषय मिटवणे सोपे आहे. आम्हांला ते मान्य नाही. कोणाला मारायचे हे भूकंपाच्या आधीच ठरलेले होते.

आणि अफवेला शिक्का दिला तो सरकारने. २ सप्टेंबरला लष्करी कायदा लागू झाला. ३ तारखेच्या सकाळी फुनाबाशी येथील नौदलाच्या बिनतारी केंद्रावरून गृहखात्याच्या पोलीस विभागप्रमुखाच्या नावे सर्व प्रांतांना तार गेली, की कोरियन लोक जागोजागी आगी लावत आहेत, त्यांच्यावर कडक नजर ठेवा. गावोगाव स्वसंरक्षण दले उभी राहिली. जपानीत त्यांना जिकेइदान म्हणतात. त्यांत निवृत्त सैनिक होते, तरुण मंडळांचे सभासद होते, आग विझवणारे होते. हातात बांबूचे भाले, आकडे आणि तलवारी. रस्त्यावर नाके बसवून येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायचे आणि ‘जूगोएन गोजिस्सेन’, म्हणजे ‘पंधरा येन पन्नास सेन’ असे म्हणायला लावायचे. कोरियन माणसाच्या तोंडी शब्दाच्या सुरुवातीचा ‘ज’ किंवा ‘ग’ जड जातो आणि त्याचे ‘च’ आणि ‘क’ होतात. ज्याची जीभ अडखळली तो मेला. केवळ लोकांनीच मारले असेही नाही. सैनिकांनी आणि पोलिसांनीही मारले. चिनी मजूर मारले गेले, जपानी कामगार कार्यकर्ते मारले गेले. विचारवंत ओसुगी साकाए, लेखिका इतो नोए आणि त्यांच्यासोबत असलेला सहा वर्षांचा भाचा यांना १६ सप्टेंबर रोजी लष्करी पोलिसांनी गळा दाबून मारले.

अशा वातावरणात औषधविक्रेत्यांची ती टोळी फिरत होती. पाच कुटुंबांतली पंधरा माणसे त्या वर्षीच्या मार्चमध्ये कागावाहून निघाली होती. बुराकू वस्त्यांना शेती पुरेशी नव्हती आणि चांगली कामे मिळत नव्हती, म्हणून बायकामुलांसह गाव सोडून महिनोन्‌महिने फिरतीवर विक्री करायची, हा त्यांच्यातल्या अनेकांचा पोटाचा मार्ग होता. आपल्याकडच्या भटक्या जमातींचे जगणे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

६ तारखेला तोने नदी ओलांडून पलीकडच्या प्रांतात जाण्यासाठी ते फुकुदाजवळच्या घाटावर आले. काही जण मंदिराच्या कमानीजवळ, काही थोड्या अंतरावर चहाच्या दुकानापाशी विसावले. होडीवाल्याशी बोलताना त्यांची बोली कानाला वेगळी लागली. कागावाची बोली चिबातल्या माणसाला अनोळखीच. घंटा वाजली, फुकुदा आणि शेजारच्या तानाका गावची दले जमली. त्यांच्याजवळ फिरत्या विक्रीचा सरकारी परवाना होता. परवाना खरा की खोटा ते तपासायला गावचा पोलीस वरच्या कचेरीत गेला आणि तो परत येण्याआधी जमावाने नऊ जणांना संपवले. प्रेते तोने नदीत टाकली. उरलेले सहा जण दोरीने बांधलेले होते. कचेरीतून माणसे येऊन पोचल्यामुळे ते वाचले.

खटला झाला. दोन्ही गावांतल्या मिळून आठ जणांना तुरुंगवासाच्या शिक्षा झाल्या. त्यांच्या घरच्यांना गावाने पैशांची मदत केली. पुढे नवा सम्राट गादीवर आला त्या निमित्ताने सर्वांना माफी मिळाली. सुटून आलेल्यांपैकी एक जण नंतर गावाचा प्रमुखही झाला. मृतांच्या कुटुंबांना नुकसानभरपाई मिळाली नाही. वाचलेले सहा जण कागावाला परतले, आणि अनेक दशके या घटनेविषयी बाहेर कोणी बोलले नाही. वाचलेल्याने बोलायचे तर आधी आपण कोणत्या वस्तीतले हे सांगावे लागते. ते सांगितले की मुलामुलींची लग्ने मोडतात, नोकऱ्या जातात. न्याय मागण्याची ही किंमत आपल्या वाचकांना परकी नाही.

फुकुदाविषयी जपानमध्ये बोलताना अनेकदा ‘चुकून मारले गेले’ असा शब्द येतो. कोरियन समजून जपान्यांना मारले, म्हणून दुर्दैव. या शब्दाला आमचा सक्त विरोध आहे. चूक होती असे म्हटले की योग्य माणूस कोण होता, हा प्रश्न उभा राहतो. ती नऊ माणसे खरोखर कोरियन असती तर? इतर ठिकाणी हजारो कोरियन असेच मारले गेले, त्यांच्या हातात दाखवायला परवानाही नव्हता. दिग्दर्शक तात्सुया मोरी यांनी या घटनेवर केलेला चित्रपट १ सप्टेंबर २०२३ रोजी, भूकंपाला शंभर वर्षे झाली त्या दिवशी, जपानमध्ये प्रदर्शित झाला, आणि हा प्रश्न तिथल्या सामान्य प्रेक्षकापर्यंत पोचला.

आता बुराकू म्हणजे काय ते पाहू. या शब्दाचा मूळ अर्थ नुसता ‘वस्ती’. आपल्याकडे ‘वाडा’ म्हटले की कोणता वाडा ते न सांगता कळते, तसेच. मेलेली जनावरे ओढणे, कातडे कमावणे, फाशी देणे ही कामे करणाऱ्यांना सरंजामी काळात ‘एता’ म्हणत. ज्या चिन्हांनी तो शब्द लिहीत त्यांचा अर्थ ‘भरपूर विटाळ’ असा होतो. १८७१ मध्ये सरकारने हा भेद कायद्याने रद्द केला. कायदा आला म्हणून वस्तीबाहेरचे लोक बदलले नाहीत. काही भागांत तर या कायद्याविरुद्ध दंगे झाले.

यात बौद्ध संस्थांचा वाटा काय होता, हे आपण धम्माच्या लोकांनी झाकून ठेवण्यात अर्थ नाही. या समाजासाठी वेगळी, खालच्या दर्जाची मंदिरे होती. मृत्यूनंतर भिक्खूने जे धम्मनाव द्यायचे, त्यात ‘पशू’, ‘कातडे’ अशा अर्थाची चिन्हे घालून ते थडग्यावर कोरले जाई. मेल्यावरही जात दगडावर. १९७९ मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे जागतिक धर्म-शांती परिषद भरली होती. जपानी बौद्ध महासंघाचे अध्यक्ष आणि सोतो झेन पंथाचे मोठे पदाधिकारी मुनेओ माचिदा यांनी तिथे, जपानमध्ये असा भेदभाव नाहीच, असे सांगितले. बुराकू संघटनांनी हा प्रश्न लावून धरला. १९८४ मध्ये माचिदांना विधान जाहीरपणे मागे घ्यावे लागले, आणि सोतो पंथाला आपल्या मंदिरांतली अशी थडगी आणि नोंदवह्या तपासायला घ्याव्या लागल्या.

लढा उभारणारेही याच परंपरेतून आले, हे तितकेच खरे. ३ मार्च १९२२ रोजी क्योतोमध्ये बुराकू समाजाची ‘सुइहेइशा’, म्हणजे समतल समाज, ही संघटना स्थापन झाली. तिचा जाहीरनामा लिहिणारे मानकिची साइको हे नारा प्रांतातल्या एका बुराकू वस्तीतील बौद्ध मंदिराच्या घरात जन्मलेले होते. आपली मुक्ती आपणच मिळवायची, हे त्या संघटनेचे पहिले सूत्र होते. महाडचा सत्याग्रह त्यानंतर पाच वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी झाला. आणि भूकंपाच्या महिनाभर आधी, ४ ऑगस्ट १९२३ रोजी, मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला होता. सार्वजनिक विहिरी, पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. त्याच सुमारास तिकडे विहिरीच्या पाण्यावरून माणसे मारली जात होती. इथे स्पर्शाने पाणी बाटते म्हणत, तिथे विषाने. दोन्हीकडे पुरावा कोणी मागत नव्हते.

पुरावा मागणारा एक माणूस होता, त्याची नोंद इथे केलीच पाहिजे. योकोहामाजवळच्या त्सुरुमी पोलीस ठाण्याचे प्रमुख त्सुनेकिची ओकावा यांनी कोरियन आणि चिनी मिळून सुमारे ३०० जणांना ठाण्यात आसरा दिला. जमाव विषारी पाणी म्हणून घेऊन आला, ते पाणी त्यांनी जमावासमोर पिऊन दाखवले, असे सांगितले जाते. तिथल्या तोझेन्जी या बौद्ध मंदिरात त्यांच्या स्मरणार्थ शिळा आहे. ती १९५३ मध्ये जपानमधल्या कोरियन लोकांनी बसवली.

किती कोरियन मारले गेले? तत्कालीन जपानी सरकारने अडीचशेच्या आतला आकडा दिला. कोरियन तपास पथकाने काढलेला आकडा ६,६६१ आहे. २००८ मध्ये जपानच्या मंत्रिमंडळ कार्यालयाच्या आपत्ती समितीच्या अहवालात, एकूण मृतांपैकी एक ते काही टक्के लोक अशा हत्यांचे बळी होते, असे नमूद झाले. म्हणजे किमान हजार, कदाचित कित्येक हजार. वकिलांच्या राष्ट्रीय महासंघाने २००३ मध्येच सरकारने माफी मागावी अशी शिफारस केली होती. तरीही ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारच्या मुख्य प्रवक्त्याने सांगितले, की सरकारकडे या घटनांची कागदपत्रे आढळत नाहीत. होन्जोचे ते जळलेले मैदान आज योकोआमिचो उद्यान आहे. तिथे १९७३ पासून कोरियन बळींची शिळा आहे आणि दर १ सप्टेंबरला लोक जमतात. तोक्योचे राज्यपाल या सभेला शोकसंदेश पाठवत असत. २०१७ पासून राज्यपाल युरिको कोइके यांनी तो पाठवणे थांबवले.

महाराष्ट्रात १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारण्यात आले. मुले पळवणारी टोळी आली आहे, असा मोबाइलवर फिरणारा संदेश पुरेसा ठरला. यांतले बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातून पोटासाठी आले होते. तिथे भूकंप झालेला नव्हता. फुकुदा आणि राईनपाडा ही दोन नावे एकत्र वाचावीत आणि भटक्या-विमुक्तांच्या वस्त्यांत काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी ती अभ्यासवर्गात घ्यावीत, अशी आमची सूचना आहे.

फुकुदाच्या नऊ जणांचे स्मारक सप्टेंबर २००३ मध्ये, ऐंशी वर्षांनी, घटनास्थळाजवळच्या एन्पुकुजी या बौद्ध मंदिराच्या स्मशानभूमीत उभे राहिले. त्याच चिबा प्रांतात ताकात्सु नावाचे गाव आहे. नाराशिनो येथील लष्करी छावणीत ‘संरक्षणासाठी’ ठेवलेल्या कोरियनांपैकी काहींना सैन्याने आसपासच्या गावांच्या ताब्यात दिले. मारायचे काम गावकऱ्यांवर सोपवले. ताकात्सुच्या वाट्याला सहा जण आले. गावच्या कान्नोन्जी मंदिरात १९८५ मध्ये कोरियातून आलेली घंटा आणि तिचा मंडप उभारला गेला. १९९८ मध्ये गावकऱ्यांच्या संमतीने माळावरची जागा खणली, तेव्हा सहा सांगाडे निघाले. त्यांचा दहनविधी करून अस्थी मंदिरात ठेवल्या आहेत. सहांपैकी एकाचेही नाव कळलेले नाही.