घरात वाय-फायची दोन-तीन नेटवर्क केली की व्हिडिओ अडकायचा थांबतो का?

मॅचची शेवटची ओव्हर सुरू आहे, सहा बॉलमध्ये दहा रन हवेत आणि नेमकं तेव्हाच टीव्हीवर गोल चक्र फिरायला लागतं. चिडून बरेच जण दुसऱ्या दिवशी महागडा प्लॅन घेतात. तरीही चक्र फिरतच राहतं.

याचं कारण साधं आहे. कंपनी जो स्पीड देते, तो राउटरपर्यंत. राउटर ते टीव्ही हा शेवटचा प्रवास घरातल्या हवेतून होतो आणि बहुतेक वेळा अडचण तिथेच असते.

व्हिडिओला स्पीड लागतो तरी किती?

नेटफ्लिक्सच्या शिफारशीनुसार एचडीसाठी ३, फुल एचडीसाठी ५ आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस स्पीड पुरेसा असतो. म्हणजे घरात एकाच वेळी तीन फोर-के टीव्ही चालू असले, तरी ४५ एमबीपीएस लागतील. १०० एमबीपीएसचा प्लॅन असूनही व्हिडिओ अडकत असेल, तर आधी प्लॅनवर नाही, वाय-फायवर संशय घ्यायला हवा.

वाय-फायमध्ये गर्दी कशी होते?

एका चॅनलवर एका वेळी साधारण एकच डिव्हाइस बोलू शकतं. बाकीचे आपली पाळी येईपर्यंत थांबतात. जुना फोन किंवा लांबच्या खोलीतला लॅपटॉप हळू बोलतो, म्हणून तेवढ्याच डेटासाठी तो जास्त वेळ घेतो. त्याचा फटका शेजारच्या नव्याकोऱ्या टीव्हीलाही बसतो.

आजच्या बहुतेक राउटरमध्ये दोन बँड असतात :

- २.४ गिगाहर्ट्झ : लांब जातो, भिंतींतून बऱ्यापैकी पार होतो, पण स्पीड कमी. ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन आणि शेजाऱ्यांचे राउटर याच पट्ट्यात. एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच : १, ६ आणि ११.
- ५ गिगाहर्ट्झ : स्पीड जास्त, चॅनल जास्त, गर्दी कमी, पण एक-दोन भिंतींनंतर दम तुटतो.

मग नेटवर्क वेगळी करायची का?

इथेच गल्लत होते. एकाच बँडवर चार नावांची नेटवर्क केली, तर रस्ता तोच राहतो, फक्त पाट्या चार होतात. उलट प्रत्येक नाव 'मी इथे आहे' असा संदेश सेकंदाला साधारण दहा वेळा पाठवत असतं. त्यातही हवेतला वेळ जातोच. फायदा होतो तो बँड वेगळे केल्याने.

बऱ्याच राउटरमध्ये दोन्ही बँडना एकच नाव असतं आणि कोणत्या बँडवर जायचं ते डिव्हाइस आणि राउटर मिळून ठरवतात. यात कधी कधी टीव्ही २.४ वरच चिकटून बसतो. असं होत असेल, तर राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन 'स्मार्ट कनेक्ट' किंवा 'बँड स्टिअरिंग' बंद करायचं आणि ५ गिगाहर्ट्झला वेगळं नाव द्यायचं. सेटिंगचा पत्ता राउटरच्या खाली चिकटवलेल्या लेबलवर असतो.

त्यानंतर वाटणी अशी करता येते :

- ५ गिगाहर्ट्झ : टीव्ही, लॅपटॉप, रोजचे फोन
- २.४ गिगाहर्ट्झ : स्मार्ट बल्ब, स्मार्ट प्लग, प्रिंटर, लांबच्या खोलीतली डिव्हाइस. अनेक स्वस्त स्मार्ट वस्तू फक्त याच बँडवर चालतात.
- गेस्ट नेटवर्क : पाहुण्यांसाठी. याने स्पीड वाढत नाही, पण घरच्या डिव्हाइसपासून पाहुण्यांचे फोन वेगळे राहतात. म्हणूनच गेस्टवरच्या फोनमधून टीव्हीवर कास्ट होत नाही. तो बिघाड नाही.

सिग्नलच पोहोचत नसेल तर?

कोकण-गोव्यातल्या चिऱ्याच्या जाड भिंती, फ्लॅटमधले आरसीसी कॉलम, लोखंडी कपाट, मोठा आरसा ही सगळी सिग्नलची शत्रू मंडळी. राउटर टीव्हीच्या मागे किंवा कपाटात कोंबलेला असेल, तर आधी तो बाहेर काढून घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा. याला खर्च शून्य.

तरीही भागत नसेल, तर दुसरा राउटर लावता येतो. तो पहिल्या राउटरला लॅन केबलने जोडायचा आणि 'ॲक्सेस पॉइंट' मोडवर ठेवायचा. हा मोड न निवडल्यास घरात दोन स्वतंत्र नेटवर्क तयार होतात आणि एकावरच्या फोनला दुसऱ्यावरचा टीव्ही सापडत नाही. दोन्हीकडे नाव-पासवर्ड सारखा ठेवायचा, चॅनल मात्र वेगळा.

केबल टाकणं शक्य नसेल, तर रिपीटर किंवा मेश हा पर्याय आहे. पण साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि तेच पुढे सांगतो, त्यामुळे स्पीड जवळपास निम्मा होतो.

सगळ्यात भरवशाचा उपाय जुनाच आहे : टीव्हीला थेट केबल. टीव्हीचा पोर्ट १०० एमबीपीएसचा असला, तरी फोर-केला तो पुरून उरतो. शिवाय टीव्ही हवेतून उतरला, की फोनसाठी जागा मोकळी होते.

पासवर्डचं काय?

कितीही नेटवर्क केली, तरी गेस्टसह एकही उघडं ठेवू नका. जुलै २००८ मध्ये अहमदाबाद बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी पाठवलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या असुरक्षित वाय-फायवरून गेला होता. तपास सर्वात आधी त्या घरापर्यंत पोहोचला. पासवर्ड मोठा ठेवा आणि सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ निवडा.

सुरुवात कुठून करायची?

तीन ठिकाणी स्पीड टेस्ट करा : लॅपटॉप राउटरला केबलने जोडून, मग राउटरशेजारी वाय-फायवर, शेवटी टीव्हीजवळ. केबलवरच स्पीड कमी असेल, तर कंपनीकडे तक्रार करा. केबलवर चांगला आणि राउटरशेजारीच कमी असेल, तर बँड आणि चॅनल बदला. राउटरशेजारी चांगला आणि टीव्हीजवळ कमी असेल, तर राउटरची जागा बदला किंवा केबल टाका. तिन्ही ठिकाणी स्पीड चांगला येऊनही घरात सगळे एकदम ऑनलाइन आल्यावरच व्हिडिओ अडकत असेल, तेव्हा मात्र मोठ्या प्लॅनचा विचार करायला हरकत नाही.