लैंगिकता-शिक्षण व रुग्णसेवेतील समूहसहभाग

रुग्णसेवा सुधारण्यासाठी व लैंगिकतेविषयीचे अज्ञान दूर करण्यासाठी, ज्यांचे दुःख त्यांनाच शिक्षक व सहकारी मानणारी कार्यपद्धती. उदाहरणार्थ, वाराणसीत बनारस हिंदू विद्यापीठाच्या (स्थापना १९१६) सर सुंदरलाल रुग्णालयात एचआयव्हीबाधितांसाठी एआरटी (विषाणूरोधक औषधोपचार) केंद्र आहे. शासनाने २००४ मध्ये ही विषाणूरोधक औषधे मोफत देण्यास प्रारंभ केला. परंतु ती जन्मभर आणि नेमाने घ्यावयाची असल्याने, केवळ औषधाची चिठ्ठी हाती ठेवून भागत नाही. म्हणूनच उपचार सुरू करण्यापूर्वी समुपदेशक रुग्णास बसवून घेऊन, गोळी कोणत्या वेळी घेणार, घरी कोणास ठाऊक आहे, मात्रा चुकल्यास काय करावयाचे, हे एकेक विचारतो.

या पद्धतीचे सर्वांत तेजस्वी उदाहरण मात्र सांगलीचे होय. तेथे १९९२ पासून ‘संग्राम’ संस्थेच्या कार्यातून देहविक्रय करणाऱ्या स्त्रियाच आपल्या वस्तीत निरोध वाटू लागल्या, गुप्तरोगांची लक्षणे भगिनींस समजावू लागल्या आणि आजारी सोबतिणीस सरकारी दवाखान्यात नेऊन तिच्यासाठी सन्मानाची वागणूक मागू लागल्या. त्यांतूनच १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. ज्यांना समाजाने केवळ रोगाचे वाहक ठरविले, त्याच रोगनिवारणाच्या खऱ्या अधिकारी ठरल्या, हे निःसंशय. अशा सन्मानाच्या वागणुकीस आता कायद्याचाही आधार आहे : एचआयव्हीबाधितांशी भेदभाव करण्यास मनाई करणारा व चाचणीसाठी संमती आवश्यक ठरविणारा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आहे.